घरी राहिलेला चाकू

माझ्या सासूबाईंच्या पिशवीतून मी चार वस्तू काढल्या: एक विळी, एक मोठी कात्री, एक दाभण आणि एक घडीचा चाकू. पहिल्या तिन्हींबद्दल मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे. चौथ्याबद्दल नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

माझ्या सासूबाईंचं नाव पुष्पलता. सातपाटीत त्यांना सगळे पुष्पाबाय म्हणत. रोज सकाळी बंदरावरून पाटी भरून त्या पालघरच्या बाजारात जायच्या आणि बारापर्यंत पाटी रिकामी करून परत यायच्या. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र अख्ख्या बाजाराला पुरेल एवढा. पापलेट हातात घेऊन नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाईकाला त्या म्हणायच्या, "वास कसला घेते? तुज्या घरात फ्रिजमदी पडलीय तिचा घे." गिऱ्हाईक हसायचं आणि मासळी घेऊन जायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची भीतीच वाटायची. मी बोईसरची, तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी करणारी. मासळी मला नीट निवडता यायची नाही. पहिल्याच आठवड्यात त्या शेजारणीला म्हणाल्या, "सून शिकलेली हाय. बोंबलाला पण प्रमाणपत्र मागंल." मला राग आला, पण खोटं नव्हतं ते.

कारण मी कारखान्याच्या सेफ्टी विभागात आहे. गेटवर कामगारांकडून काडेपेटी, बिडी, मोबाइल काढून घ्यायचे, याद्या ठेवायच्या, हेल्मेट नसेल त्याला परत पाठवायचं, हे माझं काम. यादी म्हणजे माझा धर्म. माझा नवरा कुंदन त्याच कारखान्यात पंप ऑपरेटर. तो म्हणतो, तू देवळात गेलीस तर देवाचं त्रिशूळसुद्धा गेटवर ठेवायला लावशील.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. आईंच्या दोन सवयी मला पहिल्यापासून खटकायच्या. एक म्हणजे त्या नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. माझे सासरे नामदेव मी घरात येण्याआधी कितीतरी वर्षं समुद्रात बुडून गेले होते, तरी बँकेत कुणी नाव विचारलं की आई पासबुक पुढे सरकवायच्या आणि छताकडे बघायच्या. मी कुंदनला नावानं हाक मारते याचं त्यांना हसू यायचं. दुसरी सवय अशी की घराबाहेर पडणाऱ्याला त्या मागून हाक मारू द्यायच्या नाहीत. सातपाटीत हे पुष्कळ घरांत पाळतात. समुद्रावर निघालेल्या माणसाला मागून टोकलं की अपशकुन. पण आईंचं पाळणं वेगळंच होतं. एकदा कुंदन पहिल्या पाळीला निघाला आणि डबा ओट्यावरच राहिला. मी "अरे कुंदन" म्हणायला तोंड उघडलं, तोच आईंचा हात माझ्या तोंडावर आला. कुंदन मोटरसायकलवरून वळून गेला, मग त्यांनी हात काढला. त्या दिवशी कुंदननं कँटीनमध्ये खाल्लं. आई मात्र दिवसभर जेवल्या नाहीत आणि तो डबा त्यांनी कुणाला उघडूही दिला नाही. मी कुंदनला म्हटलं, तुझी आई फार अंधश्रद्धाळू आहे बाबा.

आता चाकूचं सांगते. हे मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते. मी जे केलं ते तुम्ही हे माहीत असताना बघावं असं मला वाटतं.

समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या कमरेला चाकू असतो. तो काही मासे कापायला नाही. जाळं सोडताना बोट पुढे चाललेली असते आणि दोरी भराभरा पाण्यात जात असते. त्या दोरीच्या वेटोळ्यात कुणाचा पाय सापडला तर ती माणसाला घेऊनच जाते. तेव्हा एकच उपाय, दोरी कापायची. सासऱ्यांचा चाकू घडीचा होता, पितळी मुठीचा, मुठीला भोक, भोकात दोरा, दोरा करगोट्याला बांधलेला. घरी आले की ते करगोट्यासकट तो सोडून खुंटीला लावायचे आणि जाताना पहिल्यांदा तो बांधायचे.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आई बोंबील वाळत घालायच्या वलांडीची दोरी बदलत होत्या. विळीनं सुंभ नीट कापेना, म्हणून त्यांनी खुंटीवरचा चाकू घेतला. दोरी बांधून झाली आणि चाकू वलांडीच्या बांबूच्या फटीत तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ पहाटेची होती. सासरे घाईत उठले, अंधारातच खुंटीला हात लावला, तिथं करगोटा होता तेवढा गुंडाळला आणि निघाले. त्यांच्या मागोमाग, झुंजुमुंजू उजेडात, आई अंगणात आल्या तर चाकू बांबूत. त्यांनी तो उपसला आणि धावत गल्लीच्या तोंडाशी गेल्या. सासरे समोर दिसत होते. खांद्यावर डबा, बंदराच्या वळणाला पोचलेले. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आईंचा आवाज तर तुम्हाला सांगितलाच आहे.

त्यांनी हाक मारली नाही. समुद्रावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते. त्याचं भलं व्हावं म्हणून त्या गप्प राहिल्या. मागे धावावं तर तेही टोकणंच. माणूस वळून दिसेनासा झाला आणि त्या चाकू पदराखाली धरून घरी आल्या.

बोट संध्याकाळी परत आली, सासऱ्यांना न घेता. बोट बळवंतकाकांची, म्हणजे सासऱ्यांच्या चुलतभावाची. काकांनी ओट्यावर बसून सगळ्यांसमोर सांगितलं. पाय दोरीत गेला, इंजिन बंद करेपर्यंत तो पाण्यात. "त्यानं कमरेला हात घातला. मी बगितला. दोनदा घातला. चाकू गवसलाच नाय त्याला, पाण्यात पडला असंल." जाळं ओढलं तेव्हा दोरी रिकामी आली. तीन दिवस शोधलं, पण देह मिळाला नाही. कुंदन तेव्हा अकरा वर्षांचा होता. काका हे बोलत होते तेव्हा चाकू आतल्या पत्र्याच्या पेटीत, आईंच्या लग्नातल्या लुगड्याखाली होता. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी कुंदनला बोटीवर पाऊल ठेवू दिलं नाही. तो कारखान्यात लागला त्याचं कारण एवढंच.

हे मला माहीत असतं तर!

गेल्या वर्षी आमच्या विभागाला अपघातमुक्त वर्षाचं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणजे क्रूझची तिकिटं, मुंबईहून दीवपर्यंत आणि परत, दोन रात्री. मला तीन मिळाली. मी घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाल्या, "त्या तरंगत्या हॉटेलात मी काय करू? मला बाजार हाय." कुंदननं मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. ही मुंबई, हे दीव, ही आपली सातपाटी. आईंनी बोट ठेवून विचारलं, "हितून जाईल?"

"लांबून जाईल, पण आपल्याच समुद्रातून."

"जितं आपल्या बोटी जातात तितून?"

"हो, साधारण तिथूनच."

आई थोडा वेळ त्या नकाशाकडे बघत बसल्या. सातपाटीची बाई आयुष्यभर मासळी विकते, सुकवते, पण खोल समुद्रात ती जात नाही. बोटीवर बायका नेत नाहीत. जिथं नवरा गेला ती जागा आईंनी कधी पाहिली नव्हती, आणि पाहायला दुसरी वाटही नव्हती. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "येते मी." मला वाटलं, म्हातारीला हौस आली. मला आनंदच झाला.

निघायच्या दोन दिवस आधी क्रूझवाल्यांची सूचना आली: काय आणू नये. चाकू, सुऱ्या, कात्र्या, ब्लेड, अवजारं, टोकदार वस्तू. मी ती छापून भिंतीला लावली. मग आईंची पिशवी उघडली आणि वरच विळी! साडीत गुंडाळलेली, पाळण्यातल्या बाळासारखी.

"आई, ही कशाला?"

"तितं मच्छी कोण कापणार?"

"तिथं आचारी असतात."

"त्यांना येते काय कापाया? काटा ठेवतील."

मी विळी काढली. पुढे कात्री निघाली, ती काढली. तळाशी दाभण, पिशवी फाटली तर शिवायला. तेही काढलं. आई कमरेवर हात ठेवून उभ्या. "आता माजे दात पण काडून ठेव," म्हणाल्या. कुंदन हसून हसून जमिनीवर लोळायचा राहिला. घरात इतकं हसू मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं.

निघायच्या सकाळी आई अंघोळीला गेल्या आणि मी पिशवी पुन्हा तपासली. गेटवर आम्ही दोनदा तपासतो, पहिल्यांदा सापडतं ते भोळ्याचं आणि दुसऱ्यांदा सापडतं ते बिलंदराचं. पिशवीच्या तळाशी पुरुषाचा जुना लाल रुमाल होता, गाठ मारलेला. आत एक नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि पितळी मुठीचा घडीचा चाकू. मुठीला दोऱ्याचा काळा पडलेला तुकडा. पातं उघडून पाहिलं तर लखलखीत, तेल लावून पुसलेलं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, म्हातारी हट्टी आहे, हिला मासे कापल्याशिवाय चैन पडणार नाही. मी थोडी खूशही झाले, चोर पकडल्यासारखी. विचारलं असतं तर वाद झाला असता आणि गाडी दारात उभी होती. मी चाकू काढला, साखरेच्या डब्यामागे ठेवला, नारळ आणि पुडी परत बांधली आणि गाठ होती तशी मारली.

गाडीत बसताना आईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि बाहेरून चाचपली. नारळाचा उंचवटा हाताला लागला. "सगळा घेतला ना?" त्यांनी मला विचारलं.

"सगळं," मी म्हटलं.

मुंबईच्या धक्क्यावर पिशव्या यंत्रातून गेल्या. तपासणीला एक मुलगी होती, छातीवर रिद्धी असं नाव, वाणगावची निघाली. आईंच्या पिशवीत तिला अडकित्ता सापडला. तो माझ्याकडून सुटला होता, आणि खरं सांगते, तेव्हा मला त्याचीच लाज वाटली. रिद्धी म्हणाली, "आजी, हा इथं ठेवावा लागेल. पावती देते, परत आल्यावर घेऊन जा." आईंनी अडकित्ता देऊन टाकला, पण त्यांचे डोळे पिशवीवर होते. रिद्धीनं पिशवी पुढे सरकवली तेव्हा आईंनी एवढा मोठा श्वास सोडला की मी वळून पाहिलं. आता मला माहीत आहे त्यांना काय वाटलं. चाकू सुटला असं वाटलं त्यांना.

लोक म्हणतील, चाकू नाहीतरी तिथं सापडलाच असता. असता. पण मग तो रिद्धीनं घेतला असता, मी नसता घेतला. आणि आईंनी तिथं त्या यंत्रासमोर काहीतरी सांगितलं असतं, रडल्या असत्या, भांडल्या असत्या. एवढी संधी तरी त्यांना मिळायला हवी होती.

बोट दुपारी दोनला सुटली. आईंना तिथलं काहीच आवडलं नाही. ना पोहायचा तलाव, ना गाणी, ना जेवणातली मासळी. खोलीतल्या टीव्हीवर बोट कुठे आहे त्याचा नकाशा होता, त्याच्यासमोर त्या बसून राहिल्या. दर थोड्या वेळानं विचारायच्या, "सातपाटी आली काय?" साडेपाचच्या सुमारास कुंदन म्हणाला, "आता आपण बरोबर समोर आहोत बघ." आई उठल्या, लाल रुमाल पदराखाली घेतला आणि मला म्हणाल्या, "वर चल माज्याबरोबर. कुंदन, तू चा घेऊन ये."

कुंदनला त्यांनी मुद्दाम लांब पाठवलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

वर वारा होता. सूर्य खाली आला होता आणि किनारा कुठेच दिसत नव्हता. कठड्याशी माणसं फोटो काढत होती. आईंनी कठड्याजवळ उभं राहून समुद्राला नमस्कार केला आणि रुमालाची गाठ सोडली. नारळ बाहेर काढून मला धरायला दिला. मग हात आत घातला. पुन्हा घातला. रुमाल झटकला. पुडी खाली पडली.

दोनदा हात घातला. बळवंतकाकांनी सांगितलेलं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे आणि तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

"भाविका, ह्यात एक वस्तू होती."

"चाकू ना? मी काढला आई. यादीत आहे तो, चालत नाही."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ऐकवतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, निर्लज्जासारखं. पण त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. कठडा दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "परत घरी राह्यला." आणि मग, समुद्राकडे बघत, त्यांनी मला सगळं सांगितलं. वलांडी, बांबूची फट, गल्लीचं तोंड, पदराखालचा चाकू. तुम्हाला वर सांगितलं ते सगळं. आवाज चढला नाही की रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "त्याला आणून देते म्हटलं. उशिरा का होईना."

माझ्या हातात नारळ होता. मी एवढंच म्हणू शकले, "आई, मला माहीत नव्हतं हो."

"तुला कसा ठाव असंल? मी कवा कुनाला सांगितला?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पदर खोचला, कठड्यावर पुढे झुकल्या आणि बाजारात मारतात तशी, छातीतून, हाक मारली.

"नामदेव! ओ नामदेव! चाकू घरी राह्यलाय! मागं फिर!"

सगळ्या माणसांनी वळून पाहिलं. फोटो काढणारी एक बाई मागे सरली. आईंनी आणखी एकदा हाक मारली, तितक्याच मोठ्यानं, पुन्हा नावानं. मग आवाज फाटला आणि त्या खाली बसल्या. मी त्यांना धरलं. डबा राहिला त्या दिवशी त्यांनी माझं तोंड हातानं का दाबलं होतं, आणि त्या का जेवल्या नव्हत्या, हे मला तिथं कळलं. मागून हाक मारणं बरोबर ठरलं असतं तर त्या पहाटेचं त्यांचं गप्प राहणं चूक ठरलं असतं.

कुंदन चहाचे कप टाकून धावत आला. "काय झालं? आई, काय झालं?"

मी तोंड उघडलं. आईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"काय नाय रे," त्या म्हणाल्या. "तुज्या बापाचा चाकू आणायचा होता, समुद्रात सोडायला. मीच ईसरली. घरी राह्यला."

कुंदननं त्यांना जवळ घेतलं. "एवढंच ना? नाहीतरी इथं चालला नसता," तो म्हणाला. मी गप्प बसले. नारळ कुंदननं सोडला. परत आल्यावर रिद्धीनं अडकित्ता दिला, आईंनी सही म्हणून अंगठा उठवला आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर आई आठ महिने होत्या. त्या बदलल्या. कुंदन काही विसरून निघाला की दारात येऊन गल्लीभर हाक मारायच्या. शेजारच्या बायका कुजबुजल्या तरी त्यांनी ऐकलं नाही. चाकूबद्दल माझ्याशी एकदाच बोलल्या. "तू मनाला लावून घेऊ नको. ही वस्तू पोटात ठेवून मी बगितली हाय. तू नको ठेवू." मी मान हलवली आणि ठेवली.

गणपतीनंतर ताप आला आणि पंधरा दिवसांत आई गेल्या. दहाव्याला आलेली माणसं आठवणी काढत होती. कुणीतरी हसून म्हणालं, पुष्पाबाय क्रूझवर गेली आणि नेमका चाकू विसरली. कुंदनही थोडा हसला, ओल्या डोळ्यांनी. मी आत पाणी आणायला गेले.

अस्थी न्यायला बळवंतकाकांची बोट होती. बायका बंदरावरच थांबल्या. कुंदनला आईंनी कधी चढू दिलं नव्हतं, त्या बोटीवर तो पहिल्यांदाच पाय ठेवत होता. मी त्याच्या हातात लाल रुमाल दिला, आत चाकू बांधलेला. म्हटलं, हाही त्यांच्याबरोबर सोड.

"तो तिनं विसरलेला?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "हो."

बोट खाडीच्या तोंडाला लागली तरी मी उभी होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नाही मारली. मला अपशकुनाची भीती नव्हती, माझी लाज आड आली.

कुंदन, आई काहीच विसरल्या नव्हत्या. चाकू त्यांनी तेल लावून, पुसून, रुमालात बांधून घेतला होता. तो मी काढून ठेवला होता.